रुग्णाच्या खुर्चीत बसायचे कोणी?

रुग्णांना सोबत घेऊन आरोग्याचे ॲप घडवण्याच्या पद्धतीचे मूळ दवाखान्यात नाही, कारखान्यात आहे. १९७० च्या दशकात नॉर्वेतल्या धातुकामगारांनी हट्ट धरला: संगणक आमच्या माथी मारणार असाल, तर तो कसा चालावा हे आम्हालाही विचारा. १९७७ च्या कायद्यात तो हक्क म्हणून आला. पुढे छापखान्यातल्या कामगारांनी रिकाम्या खोक्यांचे प्रिंटर मांडून कामाची तालीम केली. आरोग्यसेवेत रुग्णांना सोबत घेऊन ही पद्धत ठळकपणे दिसली ती २००५ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये डोके-मानेच्या कर्करोगाचे रुग्ण आणि कर्मचारी एकत्र बसले तेव्हा.

आपल्याकडे साधने आधी आली, विचारपूस मागाहून. घरबसल्या डॉक्टरांशी बोलायची सरकारी सोय एप्रिल २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये सुरू झाली. १४ अंकी आरोग्य क्रमांकाची योजना सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर पोचली. कोकणातल्या वाड्यांवर हे सगळे दिसले ते बहुधा आशाताईंच्या मोबाइलवर. त्यामुळे ॲप घडवण्याच्या कार्यशाळेत रुग्णांच्या वतीने ताईंनाच बोलावण्याचा मोह होतो, आणि खरा वाद तिथेच आहे.

ताईंना बोलवा म्हणणाऱ्यांचे अगदीच चूक नाही. बीपीची गोळी कोणाची संपली, घाटी उतरून उपकेंद्रात कोणाला येववत नाही, हे ताईंना तोंडपाठ असते. शिवाय आंबा-काजूच्या हंगामात नाहीतर लावणीत रोजी बुडवून दिवसभर कोण बसेल? गणपतीत घरे भरलेली असतात, तेव्हा घ्या, असेही सुचवले जाते; सुचवणाऱ्याने कोकणातला गणपती पाहिलेला नसावा.

पण ॲपमध्ये माहिती भरण्याचे ओझे ताईंच्याच डोक्यावर असते. रकाने कमी करा, असे त्या म्हणणार, आणि ते रास्तच आहे. रुग्णाचे मागणे मात्र ते नव्हे. उपकेंद्राबद्दलची तक्रार एखादी रुग्ण आजी ताईंच्या देखत करील, हे मानणेही भाबडेपणाचे.

आजी स्वतः बसली तर वेगळेच निघते. नोंदवलेला नंबर मुलाचा, तो विरारला; दुपारी कामावर असताना त्याच्या फोनवर आलेला ओटीपी इथे काय कामाचा? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. चाकरमान्यांच्या मुलखात रुग्ण आणि फोन एकाच घरात असतील, हे गृहीतच धरता येत नाही. गोळीचे नाव आजीला ठाऊक नसते, पाकिटाचा रंग असतो, आणि कंपनी बदलली की तोही बदलतो.

रुग्णांना बोलवायचे तर त्यांची रोजी भरून द्यावी, हे बहुतेकांना पटते. घोडे अडते ते खर्चाच्या तक्त्यात: चहा-नाश्त्याला रकाना असतो, रोजीला सहसा नसतो.