नवव्या लीजनचा गरुड: एका कादंबरीवरच्या वादाची पार्श्वभूमी

रोझमेरी सटक्लिफ यांची ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’ ही कादंबरी १९५४ साली आली. मुलांसाठी म्हणून लिहिलेली ही गोष्ट मोठ्यांनीच जास्त वाचली असावी, इतकं तिच्याबद्दल अजून बोललं जातं. रोमन ब्रिटन इतकं जिवंत दुसऱ्या कुणी उभं केलं नाही, असं काही वाचक म्हणतात. काहींच्या मते तिचा पायाच चुकला आहे, कारण नववी लीजन, म्हणजे रोमन सैन्याचं हजारो सैनिकांचं एक मोठं दल, ब्रिटनमध्ये नाहीशी झालीच नव्हती. हा आक्षेप हल्ली फार सहज घेतला जातो. तो कितपत टिकतो हे पाहायचं तर कोणता पुरावा कधी हाती आला, हे आधी लावून घ्यायला हवं.

कथा थोडक्यात अशी: मार्कस हा तरुण सेंच्युरियन, म्हणजे रोमन सैन्यातला तुकडीनायक, लढाईत पायाने जायबंदी होतो. त्याचे वडील नवव्या लीजनबरोबर उत्तरेत बेपत्ता झालेले आहेत. गुलामीतून मुक्त केलेल्या एस्काला सोबत घेऊन तो उत्तर सीमेवरच्या रोमन भिंतीपलीकडे जातो आणि लीजनचा गरुडध्वज शोधतो. लेखिकेने हे दोन खऱ्या गोष्टी जोडून रचलं. एक म्हणजे लीजनचं गूढ, दुसरी म्हणजे दक्षिण इंग्लंडमधल्या सिल्चेस्टरला सापडलेला पंख नसलेला ब्राँझचा गरुड.

आधी लीजन. कादंबरी लिहिली जात होती तेव्हा पुरावा असा होता. यॉर्कच्या एका दरवाज्यावरचा शिलालेख नववी लीजन इ.स. १०७-१०८ मध्ये तिथे बांधकाम करत होती हे सांगतो. १२२ च्या सुमारास तिथे सहावी लीजन आली. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात रोममध्ये लीजनांची यादी स्तंभावर कोरली गेली, तिच्यात नववी नाही. फ्रॉन्टो या रोमन लेखकाच्या एका पत्रात सम्राट हेड्रियनच्या काळी ब्रिटनांनी पुष्कळ सैनिक मारल्याचा उल्लेख आहे. या सगळ्यावरून ती ब्रिटनमध्ये कापली गेली हा तर्क एकोणिसाव्या शतकात मॉम्सेन या जर्मन इतिहासकाराने मांडला आणि तो बराच काळ ग्राह्य होता. सटक्लिफ यांनी तोच धरला, साल साधारण ११७ घेतलं. तेव्हाच्या माहितीनुसार हे अगदी रास्त होतं.

चित्र पालटलं ते पुढे. नेदरलँड्समधल्या नाइमेखेन इथे नवव्या लीजनचे शिक्के असलेल्या विटा-कौलांचे तुकडे मिळाले. ते साधारण १०४ ते १२० च्या काळातले मानले जातात. १९९० च्या दशकात त्याच परिसरात लीजनचं नाव कोरलेलं चांदीचा मुलामा दिलेलं ब्राँझचं लोलक मिळालं. शिवाय या लीजनमध्ये तरुणपणी ट्रिब्यून (लीजनमधला वरिष्ठ अधिकारी) असलेल्या काही अधिकाऱ्यांची पुढची कारकीर्द पाहिली, तर त्यांची नेमणूक १२० च्या आसपास पडते. म्हणजे ११७ हे साल डळमळलं. पण इथेच वाचक एक पायरी गाळतात. नाइमेखेनला पूर्ण लीजन होती की तिची फक्त एक तुकडी, हे विटांवरून ठरत नाही. १३२-१३५ चं ज्यूंचं बंड किंवा १६१ ची आर्मेनियातली हार, असे पर्याय सुचवले जातात, पण तिथेही नवव्या लीजनचं नाव असलेला एकही पुरावा नाही. ‘ब्रिटनमध्ये नाहीशी झाली नाही’ हे विधान म्हणून आजही सिद्ध झालेलं नाही.

गरुडाची बाजू मात्र खरोखर कच्ची आहे. रेव्हरंड जॉइस यांना तो १८६६ साली सिल्चेस्टरच्या बॅसिलिकात, म्हणजे नगराच्या सार्वजनिक सभागृहात, सापडला. तो लीजनचा ध्वज असावा असं त्यांना वाटलं. आज तो रेडिंगच्या संग्रहालयात आहे. तिथे जवळून पाहिलं की पायांची ठेवण लक्षात येते: ते एखाद्या गोलावर टेकलेले असावेत असे वळलेले आहेत. त्यामुळे तो ज्युपिटर या रोमन देवाच्या किंवा सम्राटाच्या पुतळ्याचा भाग होता, असं आता मानलं जातं.

वाचकांच्या नजरेतून बहुतेक सुटणारी चूक दुसरीच आहे. कथेची सुरुवात आजच्या एक्झिटरला, सीमेवरच्या किल्ल्यात होते. तिथली लीजनची छावणी मात्र ७५ च्या सुमारास हलली होती आणि मार्कसच्या काळात तिथे फोरम-बॅसिलिका, म्हणजे मुख्य चौक आणि सभागृह, असलेलं नगर होतं. त्या छावणीचे ठोस अवशेष १९७१ नंतरच्या उत्खननात उघडे पडले, त्यामुळे लेखिकेला दोष देता येत नाही. त्याच प्रसंगातले रथ अधिक खटकतात. रथांवरून लढणारे ब्रिटन रोमन इतिहासकार टॅसिटसने सुमारे ८३ च्या लढाईत, म्हणजे मार्कसच्या बरंच आधी आणि तेही पार उत्तरेत, दाखवले आहेत.

याउलट मार्कसचं वेषांतर, फिरता नेत्रवैद्य, काहींना ओढूनताणून आणलेलं वाटतं. तेच सर्वांत भक्कम आहे. नेत्रवैद्यांचे छोटे चौकोनी दगडी शिक्के गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) ढिगाने आणि ब्रिटनमध्येही मिळाले आहेत. त्यांच्या कडांवर उलटी अक्षरं कोरलेली असतात: वैद्याचं नाव, मलमाचं नाव, कोणत्या विकारावर. औषधाची कांडी ओली असताना तिच्यावर हा शिक्का दाबायचा, ती वाळवायची आणि लागेल तेव्हा पाण्यात किंवा अंड्याच्या पांढऱ्यात उगाळून डोळ्यांत घालायची. अनोळखी टोळ्यांच्या गावात शिरायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

पुस्तकाची सुरुवात संथ आहे अशीही एक तक्रार असते; ती बरीचशी २०११ च्या चित्रपटावरून पुस्तकाकडे आलेल्यांची असते. चित्रपट चटकन उत्तरेला निघतो. पुस्तकात मार्कसची जखम, काकांचं घर, लांडग्याचं पिल्लू आणि शेजारची कॉटिया यांना भरपूर जागा आहे. चित्रपटात कॉटिया नाहीच. आणखी मोठा फरक एस्काचा आहे. पुस्तकात मार्कस त्याला निघण्यापूर्वीच मुक्त करतो, म्हणून तो मित्र म्हणून स्वतःच्या मर्जीने जातो. चित्रपटात तो जवळजवळ अखेरपर्यंत गुलामच राहतो आणि दगा देईल का, या प्रश्नावर ताण उभा केला आहे. शेवटही वेगळा: चित्रपटात गरुड अधिकाऱ्यांपुढे विजयाने ठेवला जातो, तर पुस्तकात कलंक लागलेली लीजन पुन्हा उभी करायला नकार मिळतो आणि गरुड काकांच्या घरातल्या देवघराखाली पुरला जातो.