गोळी, डास आणि वेगाचा वर्ग

जून 2024 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल (म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर देशाला सल्ला देणारे मुख्य डॉक्टर) विवेक मूर्ती यांनी बंदुकीच्या हिंसाचाराला सार्वजनिक आरोग्याचं संकट म्हटलं. आता बंदूक काय रोग आहे का, ते तर पोलिसांचं काम, असं कुणालाही वाटेल. पण तिकडे 2020 पासून 1 ते 19 वयाची मुलं सगळ्यात जास्त दगावतात ती बंदुकीनेच, गाड्यांच्या अपघातांपेक्षाही जास्त.

शाळेतला मलेरिया आठवा. परजीवी वेगळा, तो आणणारा डास वेगळा. 1960 च्या दशकात विल्यम हॅडन नावाच्या डॉक्टरने हीच नजर अपघातांवर लावली, म्हणजे इजेतला खरा 'जंतू' ऊर्जा, आणि ती अंगापर्यंत पोचवणारी गाडी किंवा गोळी हा डास. मला ही कल्पना जाम आवडते, कारण चूक कुणाची हे भांडण बाजूला पडतं आणि ऊर्जा कुठे अडवायची एवढंच उरतं.

आणि ऊर्जा किती, तर वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. पिस्तुलाची 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला 350 मीटरने सुटली तर 490 ज्यूल. रायफलची 4 ग्रॅमची, म्हणजे वजन निम्मं, पण वेग 900 मीटर, तर थेट 1620 ज्यूल! सगळी करामत त्या वर्गाची. अशी गोळी आत शिरताना आजूबाजूचं मांस बाहेर ढकलते, काही मिलिसेकंद एक पोकळी फुगते आणि मिटते, फुफ्फुस स्पंजसारखं असल्याने हा ताण बऱ्यापैकी सोसतं पण यकृत ताणलं जात नाही, ते फाटतं, म्हणून बाहेरून भोक बारीक दिसलं तरी आतला पसारा मोठा असू शकतो. सिनेमात हिरो चाकूने गोळी उपटून लगेच मारामारीला जातो ती निव्वळ फेकाफेक, आधी थांबवायचं असतं रक्त, गोळी कधीकधी तशीच आत ठेवतात.

हे झालं गोळी सुटल्यानंतरचं. त्याआधीचा उपाय एकदम साधा: बंदूक रिकामी, कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात. अमेरिकेत 2021 मध्ये बंदुकीने 48,830 माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. यावर ठरलेलं उत्तर येतं, ज्याची वेळ भरली तो जाणारच, इथे नाही तर तिथे. पण मनातली ती लाट बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते, तेवढा वेळ हत्यार लांब असलं तरी फरक पडतो. इस्रायलच्या लष्कराने 2006 मध्ये सैनिकांना आठवड्याच्या सुट्टीत (तिकडे ती शुक्रवार-शनिवारी असते) शस्त्र घरी नेऊ देणं बंद केलं आणि तरुण सैनिकांच्या आत्महत्या साधारण 40 टक्क्यांनी उतरल्या, घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली, आणि बाकीच्या दिवशी त्या वाढल्याही नाहीत.