लुकडे मूल आणि खुजे मूल: एकाच वजनामागची दोन कुपोषणे

समजा, मेळघाटातल्या धारणी तालुक्यात एका अंगणवाडीत वजनाच्या दिवशी दोन मुली आणल्या आहेत. दोघींनाही नुकतीच दोन वर्षे पूर्ण झाली आहेत आणि काट्यावर दोघींचेही वजन 8 किलो 300 ग्रॅम भरते. वयानुसार वजनाच्या तक्त्यावर दोघींचा ठिपका एकाच जागी पडतो आणि नोंदवहीत दोघींच्या नावापुढे ‘मध्यम कमी वजन’ असा एकच शेरा येतो. त्यानंतर उंची मोजली जाते. पहिली 85 सेंटीमीटर भरते, म्हणजे त्या वयाच्या मुलीच्या अपेक्षित उंचीच्या अगदी जवळ. दुसरी 75 सेंटीमीटर भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांनुसार पहिली मुलगी ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित, ठरते आणि तिच्यावरचे उपचार लगेच सुरू व्हायला हवेत. दुसरीचे वजन तिच्या उंचीला साजेसे आहे, ती सॅमही नाही आणि मॅमही, म्हणजे मध्यम कुपोषितही, नाही, पण वयाच्या मानाने तिची उंची इतकी कमी आहे की ती तीव्र खुजी ठरते.

पहिलीच्या अवस्थेला लुकडेपणा म्हणतात आणि दुसरीच्या अवस्थेला खुजेपणा. बोलताना आणि बातम्यांतही दोन्हींना सरसकट ‘कुपोषण’ हा एकच शब्द वापरला जातो, त्यामुळे एकीवरचा उपाय दुसरीला लागू करण्याची आणि एकीचा आकडा दुसरीच्या नावावर खपवण्याची चूक वारंवार होते. लुकडेपणा म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असणे आणि खुजेपणा म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असणे. वयाच्या मानाने वजन कमी असणे हे तिसरे माप आहे. मात्र तो स्वतंत्र आजार नव्हे, त्या दोन्हींची मिसळ आहे, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त वापरले जाते ते नेमके हेच माप.

लुकडेपणा काही दिवसांत किंवा आठवड्यांत येतो. मेळघाटात त्याचा हंगाम ठरलेला आहे. जून-जुलैत पेरणी आणि निंदणी सुरू झाली की आई सकाळी शेतावर जाते ती दिवस मावळताना परतते, घरातले धान्य संपत आलेले असते, नाल्यांना पूर आला की दवाखान्याची वाट बंद होते आणि त्यातच हगवण, हिवताप किंवा न्यूमोनिया येतो. ज्या मुलाच्या अंगावर मुळातच मांस कमी, ते आठ दिवसांच्या हगवणीत पार वाळून जाते. असे मूल त्याच आजाराने दगावण्याची शक्यता धडधाकट मुलापेक्षा कित्येक पटींनी अधिक असते, आणि म्हणून पावसाळ्यातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांमागे बहुधा लुकडेपणा असतो.

खुजेपणाला असा हंगाम नसतो. तो गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या साधारण हजार दिवसांत हळूहळू मुरत जातो. आईचे लग्न अठराच्या आत झालेले असणे, तिच्या अंगात रक्त कमी असणे, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसणे, जन्मतःच बाळाचे वजन कमी भरणे, सहा महिन्यांनंतरही वरचे अन्न सुरू न होणे किंवा ते पातळ पेजेपुरतेच राहणे, घाण पाणी आणि त्यातून पुन्हापुन्हा होणारा जंतुसंसर्ग अशी अनेक कारणे एकावर एक साचत जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि खुजेपणाची गोष्ट खरे तर तिथून सुरू होते. खुजे मूल आजारी दिसत नाही. ते खेळते, पळते, फक्त आपल्या वयापेक्षा लहान वाटते. गावातली बहुतेक मुले तशीच असली की ते कोणाच्या डोळ्यांवरही येत नाही.

इथे एक जुना युक्तिवाद हमखास पुढे येतो, तो म्हणजे ‘यांची ठेवणच बुटकी’. तो खोडून काढायला मानके कशी तयार झाली हे पाहणे पुरेसे आहे. त्यांसाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली सुस्थितीतील, स्तनपानावर वाढलेली मुले मोजली गेली. त्यात दक्षिण दिल्लीतली मुले होती, आणि पहिल्या पाच वर्षांत सहाही ठिकाणची मुले जवळजवळ सारखीच उंच वाढली. एखाद्या माणसाच्या उंचीत आनुवंशिकतेचा वाटा असतोच, परंतु एका जिल्ह्यातली चाळीस टक्के मुले खुजी निघाली तर त्याचे उत्तर वंशात शोधणे हा आळस आहे.

मोजण्याच्या बाबतीतही दोन्हींचे दुखणे वेगळे आहे. लुकडेपणासाठी वय नेमके माहीत नसले तरी चालते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळायची आणि घेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की मूल लाल पट्ट्यात, म्हणजे सॅममध्ये, गेले. खुजेपणासाठी मात्र जन्मतारीख लागते. ‘पोळ्याच्या आसपास झाला’ एवढ्यावर वय लिहिले आणि ते तीन महिन्यांनी चुकले, तर खुजे मूल कागदावर सुदृढ होते. उंची मोजणे हेही सोपे काम नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर आडवे निजवून एकीने डोके धरायचे, दुसरीने गुडघे दाबून तळव्यांना सरकती पट्टी टेकवायची, आणि मूल मात्र रडून लाथा झाडत असते. सेविका एकटी असेल, मदतनीस खिचडीपाशी अडकलेली असेल, तर एक-दोन सेंटीमीटरची चूक सहज होते. मुलीच्या डोक्यावरचा अंबाडा सोडायचा राहून गेला तरी तेवढीच चूक होते. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा लागतो. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहिला, तर ती कुपोषणाची सूज असते आणि वजन कितीही भरले तरी ते मूल सॅमच धरायचे. अशी मुले गुबगुबीत दिसतात आणि घरचे म्हणतात की आता कुठे अंग धरू लागलाय.

उपचारांत तर दोन्हींचे काहीच जुळत नाही. लुकडे मूल वेळेत सापडले तर काही आठवड्यांत सावरते. भूक चाचणीत ते नीट खात असेल आणि दुसरा आजार नसेल, तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून अनेक वेळा ऊर्जादायी आहार देऊन भागते. ते खात नसेल, तापलेले असेल किंवा सुजलेले असेल, तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावे लागते, आणि तिथे सुरुवातीचे काही दिवस मुद्दामच बेताचे, शंभर मिलीलिटरमागे 75 कॅलरींचे दूध पाजले जाते, कारण खंगलेल्या शरीरावर एकदम अन्नाचा मारा केला तर मूल दगावू शकते. हाच उपचार खुज्या पण अंगाने भरलेल्या मुलाला दिला तर उंची वाढत नाही, चरबी तेवढी वाढते. खुजेपणावरचे काम मूल जन्मण्याआधीच सुरू व्हावे लागते. आदिवासी भागातल्या गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण गरम जेवण देणारी अमृत आहार योजना त्या दिशेची आहे, आणि तिच्या ताटातले अंडे कापून दुसरीकडे पैसे वाचवणे हा मला सर्वांत महागडा काटकसरीचा प्रकार वाटतो.

या गोंधळाचा सर्वांत मोठा फटका आकड्यांच्या वाचनाला बसतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण 2005-06 मध्ये 37.0 टक्के होते, 2015-16 मध्ये 36.0 आणि 2019-21 मध्ये 36.1. हे पाहून पंधरा वर्षांत काहीच हलले नाही, असेच कोणीही म्हणेल. पण त्याच काळात खुजेपणा 46.3 वरून 34.4 आणि मग 35.2 टक्क्यांवर आला, तर लुकडेपणा 16.5 वरून 25.6 वर चढला आणि तिथेच राहिला. म्हणजे एक पारडे खाली गेले, दुसरे वर आले, आणि मिसळीचा काटा जागच्या जागी दिसला. ढोबळपणे सांगायचे तर मुलांची उंची वाढली, पण त्या उंचीला शोभेल इतके वजन वाढले नाही. लुकडेपणाचा आकडा ज्या ऋतूत मोजणी झाली त्यावर बराच हलतो, त्यामुळे ती सगळी चढ खरी धरू नये, हेही खरे. तरीही 2019-21 मध्ये देशाचे लुकडेपणाचे प्रमाण 19.3 टक्के असताना महाराष्ट्राचे 25.6 असणे ऋतूच्या माथी मारता येत नाही.

म्हणून एखाद्या जिल्ह्याने ‘कुपोषण निम्म्यावर’ असे जाहीर केले, की कोणते माप आणि कोणत्या महिन्यातले, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. फेब्रुवारीतल्या सॅमची तुलना ऑगस्टमधल्या सॅमशी केली तर घट आपोआप मिळते. खुजेपणाचा आकडा अशा रीतीने सहा महिन्यांत घटत नाही, आणि घटलेला दाखवला असेल तर उंची मोजणाऱ्या फळीकडे पाहावे लागते.

सुरुवातीच्या दोन मुलींपैकी पहिली महिनाभर नीट आहार आणि औषधे मिळाली तर बहुधा यादीतून बाहेर पडेल, पुढच्या पावसाळ्यात तिचा दंड पुन्हा मोजावा लागेल. दुसरीचे नाव आजच्या यादीत येणारच नाही. दोन वर्षे उलटल्यामुळे तिची राहिलेली उंची भरून निघण्याची शक्यताही आता थोडीच आहे. तिची आई पुन्हा गरोदर असेल, तर त्या दिवशी वजनकाटा आवरण्यापूर्वी सेविकेने आईचे हिमोग्लोबिन कधी तपासले होते ते विचारून घ्यावे.