निळ्या गोळीचं पेटंट नेमकं संपलं कधी?

‘व्हायग्राचं पेटंट संपलं’ ही बातमी एकदाच आली नाही. ब्राझीलमध्ये ती 2010 मध्ये आली, ब्रिटनमध्ये 2013 मध्ये, चीनमध्ये 2014 मध्ये. अमेरिकेत जेनेरिक, म्हणजे ब्रँडच्या नावाविना विकली जाणारी तीच गोळी दुकानात यायला 2017 चा डिसेंबर उजाडला आणि मैदान सगळ्यांना मोकळं व्हायला 2020. औषध तेच, रेणू तोच, मग तारखा इतक्या का? ते समजून घ्यायचं तर एका औषधावर एकच पेटंट असतं ही समजूत आधी सोडावी लागते.

व्हायग्रातलं मूळ औषध म्हणजे सिल्डेनाफिल. हा रेणू फायझर या औषध कंपनीच्या इंग्लंडमधल्या सँडविच इथल्या प्रयोगशाळेत 1989 मध्ये तयार झाला. शोध चालला होता तो अंजायनावरच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत उठणाऱ्या कळेवरच्या औषधाचा. त्या कामी रेणू फारसा उपयोगी पडला नाही. पण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चाचण्यांत भाग घेतलेल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला: शिश्नाला ताठरता येत होती. लैंगिक उत्तेजनेच्या वेळी शरीरात नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यामुळे सीजीएमपी नावाचं रसायन वाढतं, स्नायू सैलावतात आणि शिश्नात रक्त भरतं. पीडीई-5 हे विकर (एन्झाइम) त्या रसायनाचा नाश करत असतं. सिल्डेनाफिल या विकरालाच अडवतं. म्हणून उत्तेजना नसेल तर गोळीचा उपयोग होत नाही. आणि नायट्रेटची औषधं चालू असलेल्या हृदयरुग्णाने ती घेतली तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. गोळी मूळ कंपनीची असो वा जेनेरिक, हा धोका तेवढाच.

27 मार्च 1998 रोजी अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने व्हायग्राला मंजुरी दिली. तोवर फायझरने दोन वेगळ्या दिशांनी कुंपण घालायला घेतलं होतं. एक पेटंट खुद्द रेणूवर. दुसरं, तो रेणू ताठरतेच्या समस्येवर वापरण्यावर. पुढची सगळी कोर्टबाजी मुख्यतः या दुसऱ्या पेटंटभोवती फिरली.

ब्रिटनमध्ये ते फार टिकलं नाही. नायट्रिक ऑक्साइडवरचं संशोधन आधीच प्रसिद्ध झालेलं होतं, तेव्हा पुढची पायरी त्या विषयातल्या जाणकाराला सुचण्यासारखीच होती, असं म्हणत लंडनच्या हायकोर्टाने 2000 मध्ये ते रद्द केलं. 2002 मध्ये अपिलातही तेच ठरलं. रेणूवरचं पेटंट मात्र शाबूत होतं, त्यामुळे तिथल्या जेनेरिक कंपन्यांना जून 2013 पर्यंत थांबावंच लागलं. भारतात गोष्ट निराळी. 1970 च्या कायद्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट मिळतच नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळे. 2005 मध्ये कायदा बदलण्याआधीच इथल्या कंपन्यांच्या सिल्डेनाफिलच्या गोळ्या बाजारात आल्या होत्या.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कॅनडाचा निकाल. पेटंट हा मुळात एक सौदा आहे. शोध लावणाऱ्याने तो सगळ्यांना उलगडून सांगायचा, त्या बदल्यात समाज त्याला ठरावीक वर्षांची मक्तेदारी देतो. फायझरच्या कॅनडातल्या पेटंटमध्ये दावे उतरत्या क्रमाने होते. पहिला दावा इतका ऐसपैस, की त्यात 26 वर 19 शून्यं एवढी संयुगं बसत होती. पुढचे दावे अरुंद होत गेले आणि शेवटच्या दोन दाव्यांत एकेकच संयुग उरलं. त्यातलं एक सिल्डेनाफिल. विशेष पसंतीच्या संयुगांपैकी एकाने पुरुषांमध्ये ताठरता येते, एवढं पेटंटात म्हटलं होतं. ते ‘एक’ कोणतं, हे मात्र कुठेच सांगितलं नव्हतं. वाचणाऱ्याला ते कळायचं तर स्वतः चाचण्या करूनच. कंपनीला उत्तर ठाऊक असताना तिने ते लिहिलं नाही, म्हणजे सौद्यातली आपली बाजू पाळली नाही, असं म्हणत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2012 मध्ये एकमताने टेवा या जेनेरिक कंपनीच्या बाजूने निकाल दिला. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तरी हा निकाल न्याय्यच म्हणावा लागेल.

अमेरिकेत उलट झालं. रेणूवरचं पेटंट 2012 मध्ये संपलं, पण वापरावरचं पेटंट मंजूरच झालं होतं ऑक्टोबर 2002 मध्ये. त्याचा अर्ज 1995 च्या जूनपूर्वीचा. अशा जुन्या अर्जांना मंजुरीच्या दिवसापासून 17 वर्षं मोजण्याची मुभा होती. म्हणजे हिशेब थेट ऑक्टोबर 2019 वर गेला. मुलांवर चाचण्या केल्याबद्दल कायद्याने मिळणारे सहा महिने त्यावर जोडले, की एप्रिल 2020. टेवाने या पेटंटला आव्हान दिलं, पण ऑगस्ट 2011 मध्ये व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टाने ते वैध ठरवलं.

मधल्या काळात एक वाट उघडली. हेच सिल्डेनाफिल 20 मिलिग्रॅमच्या मात्रेत, रेवाशियो या नावाने, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतल्या उच्च दाबावर 2005 पासून दिलं जात होतं. रेणूवरचं पेटंट संपताच 2012 च्या अखेरीस त्याचं जेनेरिक आलं. वापरावरचं पेटंट त्याला लागू नव्हतं, कारण ते विकलं जात होतं दुसऱ्याच आजारासाठी. मग अनेक डॉक्टर ताठरतेच्या तक्रारीसाठीही त्याच छोट्या गोळ्या लिहून देऊ लागले: 100 मिलिग्रॅमच्या एका व्हायग्राऐवजी 20 च्या पाच. महागड्या गोळीपायी उपचार सोडणाऱ्या किंवा इंटरनेटवरच्या बनावट मालाकडे वळणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा होता. हा विषय आधीच लाजेने दबलेला. त्यात किंमतही आड आली, तर माणूस डॉक्टरपर्यंत पोचतच नाही.

शेवटी व्हर्जिनियातल्या निकालावरच्या अपिलाचा निकाल लागण्याआधीच, डिसेंबर 2013 मध्ये, फायझर आणि टेवाने तडजोड केली. टेवाने फायझरला रॉयल्टी द्यायची आणि 11 डिसेंबर 2017 पासून आपली गोळी विकायची. त्याच दिवशी फायझरनेही ग्रीनस्टोन या आपल्याच उपकंपनीमार्फत जेनेरिक बाजारात उतरवलं. व्हायग्राची छापील किंमत तेव्हा गोळीमागे सुमारे 65 डॉलर होती, या नव्या गोळीची त्याच्या निम्मी. रेणू तोच, मात्रा तीच. फक्त गोळी निळी नव्हती, पांढरी होती.