शूटिंगवर आवाज रेकॉर्ड केला म्हणजे सिंक साउंड झाला का?

पुण्यात दर चौथ्या मित्राची एक शॉर्टफिल्म चालू असते, आणि त्यातल्या कोणालाही विचारा की बाबा साउंडचं काय करताय, तर उत्तर ठरलेलं, "सिंक साउंड आहे आपला!" मग सेटवर जाऊन बघावं तर वर पंखा फुल स्पीडला गरगरतोय, किचनमध्ये कुणीतरी चहाचे कप विसळतंय, कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक छोटासा माईक, आणि डिरेक्टर म्हणतोय चालू दे रे, आवाज येतोय ना, बास. तर तो जो येतोय त्याला पायलट म्हणतात, म्हणजे नंतर डबिंगला आधार म्हणून घेतलेला कच्चा आवाज; सिंक म्हणजे सेटवरचा आवाज तसाच सिनेमात वापरायचा. मी स्वतः ह्या दोघांत गोंधळ घालून हात पोळून घेतलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोंधळ होतो ह्यात नवल काही नाही. दोन्ही शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड होतात, बऱ्याचदा माईक तोच, रेकॉर्डर तोच, क्लॅपही दोन्हीला देतात. लॅपटॉपवर फाइल उघडलीत तर दोन्ही ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलीच दिसतील. त्यात भर म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ जुळवायच्या कामालाही सिंक करणंच म्हणतात, त्यामुळे पोरं ते बटण दाबतात आणि झाला आपला सिंक साउंड म्हणून खूश होतात. अरे पण पायलटसुद्धा चित्राशी जुळवावाच लागतो की!

खरा प्रश्न एवढाच की हा आवाज शेवटी कुणी ऐकायचाय. पायलट हा एडिटरसाठी आणि नंतर डबिंगला उभ्या राहणाऱ्या नटासाठी असतो, कुठला शब्द कधी आला, कुठे थांबला, कुठे "अं" केलं एवढं कळलं की त्याचं काम झालं, डबिंग झाल्यावर तो फेकून द्यायचा. सिंक म्हणजे सेटवर नटाच्या तोंडून निघालेला तोच आवाज थेटरात बसलेल्या माणसाच्या कानात जाणार. म्हणजे कच्ची वही आणि पेपर असा प्रकार आहे, आणि आपल्याकडे बरीच मंडळी कच्च्या वहीत पेपर सोडवून वर मार्कांची वाट बघत बसतात.

बोलपट आले तेव्हा, म्हणजे १९३१-३२ च्या सुमारास, हा प्रश्नच नव्हता, सेटवर जे बोललं गायलं जायचं तेच पडद्यावर यायचं. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली, त्याच प्रभातच्या आवारात १९६० पासून एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था, आहे हे तर पुण्यात सगळ्यांनाच माहीत. पुढे शूटिंग स्टुडिओतून बाहेर पडलं, आउटडोअरला गर्दीचा गोंगाट, आणि हातात घेऊन फिरायचे ते फिल्मचे कॅमेरे असे की चालू केले की शिवणयंत्रासारखे वाजायचे, त्यामुळे सेटवर फक्त पायलट घ्यायचा आणि संवाद नंतर डब करायचे ही सवय पडली ती पडलीच. आता कॅमेरे मुके झालेत, सवय राहिली. (अजून एक घोळ, जुन्या टेप रेकॉर्डरच्या काळात पायलट टोन नावाचा एक ५० हर्ट्झचा सिग्नल असायचा, कॅमेरा आणि टेप एकमेकांच्या वेगात राहावेत म्हणून. त्याचा ह्या पायलटशी संबंध नाही, उलट तो सिंकच्या कामाचा. नाव ठेवणाऱ्याला नमस्कार.)

आणि हा गोंधळ फक्त नवशिक्यांचा आहे असं समजू नका. जुलै २०२२ मध्ये ६८ वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यात लोकेशन साउंडचा, म्हणजे सेटवरच्या रेकॉर्डिंगचा, जो पुरस्कार तेव्हा फक्त सिंक साउंडच्या सिनेमांसाठी राखलेला होता तो 'डोल्लू' ह्या कन्नड सिनेमाला मिळाला. आणि मग रसूल पूकुट्टी, म्हणजे आपल्या एफटीआयआयचाच ऑस्करवाला साउंडचा माणूस, आणि खुद्द त्या सिनेमाचा साउंड डिझायनर, दोघांनी जाहीरपणे सांगितलं की अहो हा सिनेमा डब केलेला आहे. आता बोला! डबिंग चांगलं झालं की कानाला पटकन कळत नाही हे मान्य, पण तरीही.

आता सेटवर काय बदलतं ते बघू, कारण सगळं तिथेच आहे. पायलट घ्यायचा असेल तर साउंडवाला कोपऱ्यात बसतो, टेक चालू असताना डिरेक्टर मोठ्याने "आता वळ, खिडकीकडे बघ" असं सांगू शकतो, खाली घंटागाडी गाणं वाजवत आली तरी कुणाचं काही अडत नाही. माईक कॅमेऱ्यावर असला तरी चालतं, फक्त कॅमेरा जरा लांब, १४ मीटरच्या आसपास असेल, तर आवाज पोचेपर्यंत सेकंदाला २४ फ्रेमच्या स्पीडला जवळजवळ एक पूर्ण फ्रेम उशीर होतो, ते एडिटरने सरकवून घ्यायचं.

सिंक असेल तर मात्र सगळ्या युनिटने कान उघडे ठेवायचे. बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माईक, फ्रेमच्या अगदी कडेवर, नटाच्या तोंडाच्या शक्य तेवढा जवळ, कारण अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने पडतो आणि खोलीचा घुमारा वर येतो. पंखे बंद, मग घाम, मग मेकअप. सोसायटीची पाण्याची मोटर किती वाजता लावतात ते वॉचमनकाकांना विचारून ठेवायचं. विमाननगरला घर मिळालंय फुकट म्हणून उड्या मारायच्या नाहीत, लोहगावची लढाऊ विमानं उडाली की तुमचा टेक गेला, पेठेतला वाडा दिसायला भारी पण शनिवारी संध्याकाळी दुचाक्यांचा आवाज भिंतीतून आत येतो, वेताळ टेकडीवर सकाळी शांत असतं असं वाटतं आणि बरोबर इमोशनल डायलॉगला मोर ओरडतो. म्हणून रेकीला, म्हणजे शूटच्या आधी जागा बघायला, ज्या वेळी शूट करायचंय त्याच वेळी जायचं, मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवायची, घुमारा ऐकायचा, मग दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. फोटो सगळेच काढतात रेकीला, हे कुणी करत नाही.

माझं काय झालं ते सांगतो. नवी पेठेत एका मित्राच्या मावशीचा फ्लॅट, बारा मिनिटांची फिल्म, दोन दिवसांचं शूट, आणि एक शेजारच्या आजी ज्यांनी आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर काम केलं नव्हतं. वेळ कमी म्हणून मी म्हटलं पायलट घेऊ रे, नंतर डब करू. साउंडवाला पोरगा बिचारा गप्प बसला, त्याला फ्रिजचा आवाज येत होता पण पायलटला कोण फ्रिज बंद करतं. आजी मेथी निवडत बसल्यात, मुलगा निघालाय, त्यांनी मान वर न करता म्हणायचं होतं, "जेवून जा, एवढं काय अडलंय तुझं." आणि बाईंनी ते असं म्हटलं, शेवटच्या शब्दाला आवाज जरासा अडकला, की मी कट म्हणायचं विसरलो.

महिन्याभराने डबिंगला आजी आल्या. काचेची खोली, हेडफोन कानावरून घसरतोय, समोर स्क्रीनवर त्याच दिसतायत. "अरे बाळा हे मी तेव्हा बोलले की, आता परत कशाला?" मग म्हणाल्या, "आणि मेथी कुठंय इथं?" खरंच, मेथी कुठे होती तिथे! आम्ही खाली जाऊन जुडी घेऊन आलो, हातात दिली, अकरा टेक झाले, ओठ जुळले पण तो अडकलेला आवाज काही आला नाही. शेवटी पायलटमधलंच वाक्य उचललं, फ्रिजची घरघर साफ करायला गेलो तर आजी बादलीतून बोलल्यासारख्या वाटायला लागल्या, मग उलटं केलं, घरघर तशीच ठेवली आणि अख्ख्या सीनखाली फ्रिजचाच आवाज अंथरला म्हणजे मधेच खटकू नये. स्क्रीनिंगनंतर एक गृहस्थ मुद्दाम येऊन भेटले, म्हणे तो फ्रिज एकटेपणाचं प्रतीक म्हणून फार सूचक वापरलाय तुम्ही. मी हो म्हटलं.

आता पैशाचं. लो-बजेटवाल्यांना वाटतं पायलट स्वस्त, आणि शूटच्या दिवशी तो असतोच, रेकॉर्डिस्ट आणि त्याच्या सामानाचं भाडं वाचतं, टेक भराभर होतात. बिल नंतर येतं. डबिंग स्टुडिओ तासावर, तोपर्यंत मेन नट मुंबईला सिरियलला गेलेला, त्याची तारीख मिळेना. शिवाय डब केलं की संवादाबरोबरच बांगड्या, खुर्ची, पावलं, पदर सगळंच गेलं, ते एकेक परत तयार करायचं, त्याला फोली म्हणतात आणि ते काम वेळखाऊ आहे. सिंकमध्ये ह्यातलं बरंचसं डायलॉगबरोबर फुकट मिळतं. तरीपण सिंक म्हणजे भारी आणि डबिंग म्हणजे कमअस्सल असलं काही माझं म्हणणं नाही, भर रस्त्यात शूट असेल आणि नट मुरलेला असेल तर मी आजही सरळ पायलट घेईन. पहिल्यांदाच काम करणारी माणसं, लहान पोरं, आजीआजोबा असतील तर मात्र काय वाट्टेल ते करून सिंक. करंडकवाली, म्हणजे एकांकिका स्पर्धांतली, पोरं मधे कुठेतरी, त्यांना डबिंग जमतं पण सेटवर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकतात, रेकॉर्डिस्टचे कान जातात.

आणि हो, सिंकमध्ये चारदोन वाक्यं खराब निघाली म्हणून डब केलीत तर फिल्म लगेच डबवाली होत नाही, तेवढं सगळेच करतात. पण प्रत्येक लोकेशनवर सीन संपल्यावर अर्धा-एक मिनिट सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून रिकाम्या खोलीचा आवाज घेऊन ठेवा, रूम टोन, त्याशिवाय ती डब केलेली वाक्यं ठिगळासारखी दिसतात.

फ्रिजचं म्हणाल तर आता सिंकच्या शूटला बंदच करतो, फक्त नंतर चालू करायचा राहून जातो आणि ज्यांचं घर आहे त्यांचं दूध नासतं, परत कधी घर मिळत नाही. त्यावर एक जुनी युक्ती आहे, फ्रिज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली आत ठेवून द्यायची. गेल्या महिन्यात कोथरूडला पॅकअप झाल्यावर आम्ही पाचजण पार्किंगमध्ये उभे होतो, आणि माझी किल्ली वर दुसऱ्या मजल्यावर, दह्याच्या भांड्याशेजारी.