रशियातल्या खासगीकरणाची जुनी कागदपत्रं पुन्हा कोर्टात का आली?

फेब्रुवारी २०२४ मध्ये येकातेरिनबुर्गच्या न्यायालयाने चेल्याबिन्स्कचा एक मोठा कारखाना सरकारजमा केला. पोलाद बनवताना लागणारे मिश्रधातू तिथे तयार होतात. सरकारी वकिलांचं म्हणणं असं की नव्वदच्या दशकात हा कारखाना विकला गेला तेव्हा मॉस्कोची परवानगी घेतलीच नव्हती; प्रांतातल्या अधिकाऱ्यांनी परस्पर व्यवहार उरकला. तीस वर्षांपूर्वीची विक्री एका निकालाने रद्द झाली. अशी प्रकरणं नंतर येतच राहिली. गंमत म्हणजे या निकालाच्या पाचच महिने आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, पुतिन यांनी व्लादिवोस्तोकच्या परिषदेत उद्योगपतींना सांगितलं होतं की खासगीकरण उलटं फिरवण्याचा सरकारचा विचार नाही.

पुतिन यांच्या मनमानीचा हा आणखी एक नमुना, असं म्हणून विषय संपवता येतो. पण मालकी इतकी कच्ची कशी राहिली, हे समजून घ्यायचं तर १९९२ ते १९९६ ही वर्षं पाहावी लागतात. पुतिन तेव्हा सेंट पीटर्सबर्गच्या महापालिकेत होते. मॉस्कोत त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं.

२५ डिसेंबर १९९१ ला गोर्बाचेव्ह पायउतार झाले आणि सोव्हिएत संघ संपला. दुकानं रिकामी होती, तिजोरीतही खडखडाट होता. नव्या रशियाचे अर्थकारभारी येगोर गायदार अवघे पस्तिशीचे. २ जानेवारी १९९२ ला त्यांनी बहुतेक वस्तूंच्या किमतींवरचं नियंत्रण उठवलं. त्या एका महिन्यात भाव साधारण साडेतीन पट झाले, वर्षअखेरीस सव्वीस पट. आयुष्यभर बचत बँकेत पै-पै साठवणाऱ्यांच्या हाती नावापुरते रुबल उरले. जानेवारीच्या अखेरीस सरकारने कुणालाही, कुठेही, काहीही विकायची मोकळीक दिली. मग मॉस्कोच्या मध्यवस्तीत फुटपाथवर माणसांच्या रांगा लागल्या. कुणाच्या हातात विणलेले मोजे, कुणाच्या हातात मासळीचा डबा, कुणाकडे घरातला चहाचा सेट. काहींनी तर तो सरकारी हुकूम वर्तमानपत्रातून कापून कोटाला टाचून ठेवला होता. कालपर्यंत हाच व्यवहार काळाबाजार म्हणून गुन्हा होता. पोलिसाने हटकलं तर दाखवायला कागद हवा ना!

कारखान्यांचा प्रश्न याहून अवघड होता. कागदोपत्री ते जनतेचे. प्रत्यक्षात मात्र १९८७ च्या सरकारी उद्योगांच्या कायद्याने आणि १९८८ च्या सहकारी संस्थांच्या कायद्याने व्यवस्थापकांना बरीच मोकळीक मिळाली होती. कारखान्याचा संचालक शेजारीच एक ‘सहकारी संस्था’ काढायचा, सरकारी भावाने माल तिला द्यायचा आणि ती संस्था तोच माल बाजारभावाने विकायची. विक्रीचा कायदा होण्याआधीच मालमत्ता अशी झिरपून चालली होती.

ती कायदेशीर मार्गाने वाटण्याचं काम अनातोली चुबैस यांच्याकडे आलं. सरकारी मालमत्ता समितीचे ते प्रमुख, वयाने गायदारांच्याच बरोबरीचे. ऑगस्ट १९९२ मध्ये अध्यक्ष येल्त्सिन यांनी वटहुकुमावर सही केली आणि ऑक्टोबरपासून देशातल्या प्रत्येक माणसाला, तान्ह्या बाळालासुद्धा, एक व्हाउचर, म्हणजे सरकारी कारखान्यांच्या समभागांवर बदलून घेता येणारा कागद, मिळू लागलं. शुल्क फक्त २५ रुबल, दर्शनी किंमत १०,००० रुबल. हा आकडा साधाच काढला होता: विकायच्या मालमत्तेची जुन्या हिशेबवह्यांतली किंमत भागिले लोकसंख्या. वह्यांतली किंमत महागाईच्या आधीची, आणि कागद हातात पडेपर्यंत रुबलची पार माती झालेली. एका व्हाउचरला पुढे दोन व्होल्गा मोटारींची किंमत येईल, असं चुबैस यांनी सांगितलं होतं. रशियात त्यांना आजही याच वाक्यावरून टोमणे मारतात. आपल्याला मूठभर कोट्यधीश नकोत, लाखो मालक हवेत, असं येल्त्सिन बोलले होते. तेही लोक विसरलेले नाहीत.

व्हाउचरवर नाव नव्हतं. ज्याच्या हातात, त्याचं. त्यामुळे ते विकता येत होतं, आणि पोटाला चिमटा बसलेल्या माणसाने ते विकलंच. मेट्रो स्थानकांच्या तोंडाशी ‘व्हाउचर घेतो’ अशी पाटी गळ्यात अडकवलेली माणसं उभी असायची. भाव कधी दर्शनी किमतीच्या निम्म्याखाली जायचा; व्होडकाच्या दोन-चार बाटल्यांवर व्हाउचर देऊन टाकल्याच्या कहाण्या घरोघर आहेत. अनेकांनी ते गुंतवणूक निधीत टाकलं. असे निधी शेकड्यांनी निघाले आणि त्यांतले बरेच काही न देता गायब झाले. सेर्गेई माव्रोदी यांची ‘एमएमएम’ ही पैसे दामदुप्पट करून देणारी साखळी योजना याच हवेत फोफावली. १९९४ च्या उन्हाळ्यात ती कोसळली, आणि त्याच शरद ऋतूत माव्रोदी पोटनिवडणूक जिंकून संसदेत गेले! (याच माव्रोदींची याच नावाची नवी योजना २०११ नंतर भारतातही येऊन गेली.)

कारखान्यांत वेगळंच चाललं होतं. कायद्यातल्या तीन पर्यायांपैकी बहुतेकांनी दुसरा निवडला: कामगार आणि व्यवस्थापन मिळून ५१ टक्के समभाग घेणार. ऐकायला लोकशाही, पण पगार थकलेला कामगार समभाग कितीसे दिवस धरून ठेवणार? संचालकांनी ते हळूहळू स्वस्तात गोळा केले. १९९४ च्या मध्यात व्हाउचरचा कार्यक्रम संपला तेव्हा रशियन उद्योगाचा मोठा भाग खासगी झाला होता. बहुतेक रशियन घरांकडे मात्र दाखवायला काहीच नव्हतं.

चुबैस यांची बाजूही ऐकायला हवी. पैसा उभा करणं हा हेतूच नव्हता, कम्युनिस्टांना परतीची वाट राहू नये म्हणून घाई केली, असं ते पुढे उघडपणे सांगत आले. भीती खोटी नव्हती. खासगीकरणाला विरोध करणारी संसद येल्त्सिन यांनी सप्टेंबर १९९३ मध्ये बरखास्त केली, खासदार हटेनात तेव्हा ४ ऑक्टोबरला संसदेच्या इमारतीवर रणगाड्यांतून तोफा डागल्या. सरकारी आकड्यांप्रमाणेच त्या दिवसांत १४० हून अधिक माणसं मेली. डिसेंबरात नवी राज्यघटना आली, तीत अध्यक्षांच्या हाती अफाट अधिकार. आज पुतिन वापरतात त्या अधिकारांचा पाया तिथे आहे. हे तेव्हा पाश्चात्त्य राजधान्यांना फारसं खटकलं नाही.

माझ्या मते मालकीचं खरं गाडं बिघडलं ते १९९५ मध्ये. व्हाउचरच्या वाटपात निदान सगळ्यांच्या हातात एक कागद पडला होता. आता उरली होती ती देशातली खरी दौलत: तेल, निकेल, धातू. सरकारकडे पैसा नव्हता, पेन्शनी थकलेल्या, चेचन्यात युद्ध सुरू. मार्च १९९५ मध्ये ओनेक्सिम बँकेचे ३४ वर्षांचे व्लादिमिर पोतानिन यांनी मंत्रिमंडळासमोर एक योजना मांडली. बँका सरकारला कर्ज देतील, सरकार बड्या कंपन्यांचे समभाग गहाण टाकेल. ठरल्या मुदतीत कर्ज फिटलं नाही तर बँकेने समभाग विकून वसुली करायची. कर्ज फिटणार नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

लिलाव झाले नोव्हेंबर-डिसेंबरात. आर्क्टिक वर्तुळापलीकडच्या नोरिल्स्क निकेलचे ३८ टक्के समभाग, म्हणजे मतदानाचा निम्म्याहून अधिक हक्क, १७ नोव्हेंबरला लिलावात आले. बोलीची सुरुवात १७ कोटी डॉलर. लिलाव चालवणारी बँक पोतानिन यांची. एका प्रतिस्पर्धी बँकेच्या गटाने ३५ कोटी ५० लाखांची बोली लावली. बोलीसाठी दिलेली हमी त्या बँकेच्या ऐपतीबाहेरची आहे असं म्हणून ती बोली बाद झाली. जिंकले पोतानिनच, १७ कोटी १ लाख डॉलरला. ८ डिसेंबरला युकोस या तेल कंपनीचे ४५ टक्के समभाग मिखाईल खोदोर्कोव्स्की यांच्या मेनातेप बँकेच्या गोटात गेले. किमान बोली १५ कोटी, विक्री १५ कोटी ९० लाख, आणि लिलावाची व्यवस्था मेनातेपकडेच. वर्षअखेरीस सिबनेफ्त या तेल कंपनीचे ५१ टक्के बोरिस बेरेझोव्स्की आणि रोमान अब्रामोविच यांच्याकडे १० कोटी ३ लाखांना. सायबेरियातल्या सुरगुतमध्ये तिथल्या तेल कंपनीचा लिलाव होता, त्या दिवशी शहराचा विमानतळच बंद! बाहेरून कुणी येऊच नये, याहून सरळ बंदोबस्त कोणता? बँकांनी कर्जाऊ दिलेला पैसा तरी कुणाचा होता? सरकारने याच बँकांत ठेवी ठेवल्या होत्या, असा शेरा रशियाच्या लेखापरीक्षकांनी पुढे आपल्या अहवालात मारला.

यातली खरी मेख तारखांत आहे. कर्जफेडीची मुदत सप्टेंबर १९९६, अध्यक्षपदाची निवडणूक जून १९९६. मधल्या काळात समभाग नुसते गहाण होते, मालकी मिळायची होती. डिसेंबर १९९५ च्या संसदीय निवडणुकीत कम्युनिस्ट पक्ष सर्वांत मोठा ठरला होता आणि येल्त्सिन यांना पसंती देणारे दहा टक्केही उरले नव्हते. कम्युनिस्टांचे उमेदवार झ्युगानोव्ह अध्यक्ष झाले तर सगळंच हातचं जाणार. म्हणजे ज्यांच्या ताब्यात गहाणखतं, त्यांनाच येल्त्सिन यांना निवडून आणणं भाग होतं. फेब्रुवारीत दावोसला एरवी एकमेकांचे हाडवैरी असलेले बेरेझोव्स्की आणि गुसिन्स्की एकत्र आले. एकाच्या हातात ओआरटी ही टीव्ही वाहिनी, दुसऱ्याच्या मालकीची एनटीव्ही. प्रचाराची सूत्रं चुबैस यांच्याकडे गेली. १९ जूनच्या संध्याकाळी प्रचार पथकातल्या दोघांना सरकारी इमारतीच्या दारात सुरक्षारक्षकांनी अडवलं. त्यांच्याकडच्या झेरॉक्स कागदाच्या खोक्यात ५ लाख ३८ हजार डॉलर रोख निघाले. प्रकरण मिटलं आणि नोकरी गेली ती अडवणाऱ्यांच्या वरिष्ठांची. दुसऱ्या फेरीच्या तोंडावर येल्त्सिन यांना हृदयविकाराचा झटका आला, तो मतदारांपासून लपवला गेला. ३ जुलैला ते जिंकले. ऑगस्टमध्ये पोतानिन उपपंतप्रधान झाले.

गहाण पडलेलं सुटलं नाही, अर्थातच.

सामान्य माणसाच्या बाजूने ही वर्षं कशी होती, याला एक आकडा पुरे: रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९० मध्ये ६४ च्या आसपास होतं, १९९४ मध्ये ते ५८ च्या खाली आलं. कारखाने पगाराऐवजी आपलाच माल द्यायचे. १९९८ च्या उन्हाळ्यात पगार थकलेले खाणकामगार मॉस्कोत सरकारी इमारतीजवळच्या पुलावर तळ ठोकून बसले आणि दगडांवर हेल्मेट आपटत राहिले. १७ ऑगस्टला सरकारने देशांतर्गत रोख्यांची परतफेड थांबवली. डॉलरला सहा रुबलचा भाव काही आठवड्यांत वीसवर गेला.

शेजाऱ्यांकडे एकच तऱ्हा नव्हती. एस्टोनियाने मोठे कारखाने निविदा काढून विकले, परदेशी गिऱ्हाइकांनाही. बेलारूसमध्ये १९९४ ला लुकाशेन्को आले आणि त्यांनी खासगीकरण जवळपास थांबवलं. स्वस्त रशियन तेल-वायूवर त्यांचं भागलं. युक्रेन रशियाच्याच वाटेने, पण सावकाश गेला. तिथला क्रिविरिझस्ताल पोलाद कारखाना २००४ मध्ये अध्यक्ष कुचमा यांचे जावई पिंचुक आणि त्यांचे भागीदार अख्मेतोव यांना सुमारे ८० कोटी डॉलरला मिळाला. परदेशी बोली जास्त होत्या, त्या अटी घालून बाहेर ठेवल्या. त्याच हिवाळ्यात सत्ता पालटली, विक्री रद्द झाली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये टीव्हीवर थेट दाखवलेल्या लिलावात लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने त्याच कारखान्याला ४८० कोटी डॉलर मोजले. आधीचा सौदा किती स्वस्त होता, हे लोकांनी घरबसल्या पाहिलं.

पुतिन यांनी मात्र जुने सौदे लगेच उकरले नाहीत. जुलै २००० मध्ये क्रेमलिनमध्ये बड्या उद्योगपतींना बोलावलं, तेव्हाचा अलिखित करार सर्वांना कळला: मालमत्ता ठेवा, राजकारणात पडू नका. गुसिन्स्की आणि बेरेझोव्स्की दोघांच्याही वाहिन्या गेल्या आणि दोघांनी देश सोडला. फेब्रुवारी २००३ मध्ये खोदोर्कोव्स्की यांनी पुतिन यांच्यासमोर, कॅमेऱ्यांदेखत, सरकारी तेल कंपनीच्या एका संशयास्पद खरेदीचा विषय काढला. युकोसला एवढे तेलसाठे कसे मिळाले, असा उलट सवाल आला. ऑक्टोबरात नोवोसिबिर्स्कच्या विमानतळावर त्यांना अटक झाली, आणि युकोसचा गाभा असलेली युगान्स्कनेफ्तेगाझ ही उपकंपनी करथकबाकीपोटी लिलावात निघाली. १९ डिसेंबर २००४ ला ती ९३५ कोटी डॉलरला घेतली त्वेर शहरात जेमतेम काही दिवसांपूर्वी नोंदलेल्या, कुणी नावही न ऐकलेल्या कंपनीने. त्या कंपनीलाच मग सरकारी रोसनेफ्तने विकत घेतलं. रोसनेफ्त मोठी झाली ती इथून. आपल्याकडे महामार्गांवर ज्या नायराचे पंप दिसतात, तिच्यात आज ४९ टक्के वाटा याच रोसनेफ्तचा आहे.

अब्रामोविच अलिखित कराराला जागले. २००५ मध्ये सिबनेफ्त सरकारी गॅझप्रोमने त्यांच्याकडून १,३०० कोटींहून अधिक डॉलर मोजून घेतली. त्याच वर्षी खासगीकरणाचे व्यवहार आव्हानित करायची मुदत कायद्याने दहा वर्षांवरून तीन वर्षांवर आली, आणि जुन्या मालकांना वाटलं, सुटलो.

ती मुदत २०२२ नंतर सरकारी वकिलांना फारशी आड आली नाही. मालमत्ता बेकायदा सुटली हे आम्हाला आत्ता समजलं, मुदत आजपासून मोजा, असा युक्तिवाद होतो आणि न्यायालयं तो मान्य करतात. बळी पडतात ते बहुधा दुसऱ्या फळीतले मालक. प्रांतातले कारखानदार, मोटारविक्रेते, बंदरवाले. गहाणाची योजना ज्यांनी मांडली ते पोतानिन अजून नोरिल्स्क निकेलचे सर्वांत मोठे भागधारक आहेत. एप्रिल २०२२ मध्ये फ्रान्सच्या सोसिएते जेनेराल बँकेने रशियातून काढता पाय घेतला, तीनशे कोटी युरोंचा तोटा सोसून. तिची रशियातली रोसबँक पोतानिन यांच्या समूहाने घेतली. पूर्वीही ती त्यांचीच होती.