वर्गातली कविता : चर्चा आणि लेखन

कविता शिकवण्याची ही एक पद्धत आहे, ज्यात शिक्षक अर्थ सांगत नाहीत, मुलंच कवितेवर बोलतात आणि बोलून झालं की त्या कवितेचा एखादा धागा धरून स्वतः चार ओळी लिहितात. चर्चा आणि लेखन हे दोन वेगळे तास नाहीत, एकाच कामाचे दोन भाग आहेत, आणि दुसरा भाग गाळला तर पहिला बहुतेक वेळा गप्पांवरच संपतो.

मराठी शाळांत कवितेचा तास कसा असतो हे आपल्याला माहितीच आहे. बाई चालीवर म्हणतात, मुलं मागून म्हणतात, मग फळ्यावर शब्दार्थ, मग सरळ अर्थ, मग स्वाध्याय. यातला चालीचा भाग उगाच बदनाम झालाय, कारण चालीमुळे कविता कानात बसते आणि वृत्त न शिकवताच लय कळते. अडचण येते ती नंतर, अर्थ वहीत उतरवून दिला की मुलाला कवितेकडे परत बघायचं काही कारणच राहत नाही. आधी 'संदर्भासह स्पष्टीकरण' होतं, आता दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे मराठीच्या प्रश्नपत्रिकेत, ४ मार्कांचं रसग्रहण आहे, त्याचे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे ठरलेले. खरं म्हणजे रसग्रहण म्हणजे मुलाने वर्गात जे बोललं तेच नीट लिहिणं, पण गाईडमधे तयार उत्तर मिळतं त्यामुळे बोलण्याची पायरीच गळून जाते आणि पन्नास मुलांच्या वहीत एकच 'सौंदर्य' सापडतं.

चर्चेत प्रश्नांचा क्रम फार महत्त्वाचा. "कवीला काय म्हणायचंय?" हा प्रश्न पहिला विचारला की अख्खा वर्ग गप्प, कारण त्याचं बरोबर उत्तर बाईंकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याऐवजी काय दिसलं, काय ऐकू आलं, कुठली ओळ आवडली, कुठली अजिबात कळली नाही, इथून सुरुवात केली तर मागच्या बाकावरचाही बोलतो.

बालकवींची 'औदुंबर' यासाठी उत्तम आहे, फक्त आठ ओळींची आणि शब्द बहुतेक ओळखीचे. मुलांना सांगायचं की यातले रंग क्रमाने लिहून काढा. हिरवाळी, निळासावळा झरा, शेतमळ्यांची हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवं कुरण, काळा डोह आणि शेवटी लाटांवर पसरलेली काळिमा. यादी फळ्यावर आली की कोणीतरी म्हणतंच की अरे, हे उजेडाकडून अंधाराकडे चाललंय! मग पुढचे प्रश्न आपोआप येतात, पायवाट गावाकडे न जाता डोहाकडे का जाते, झाड पाण्यात पाय टाकून बसलंय म्हणजे ते आरामात आहे का एकटं आहे, आणि बघणारा नक्की कुठे उभा आहे. जाणकार समीक्षकांनी या आठ ओळींवर भरपूर वाद घातलेत, तेव्हा आठवीच्या वर्गाचं एकमत झालं नाही तर काही बिघडत नाही. फक्त एक नियम पाळायला लावायचा, मत कुठलंही चालेल पण कुठल्या शब्दावरून तसं वाटलं तो शब्द दाखवायचा. हा नियम नसेल तर चर्चा "मला असं वाटतं" वर येऊन थांबते, जे गाईडपेक्षा फार बरं नाही.

कवीची माहिती कधी द्यायची यावर शिक्षकांत मतभेद असतात. बालकवी १९१८ मधे, वयाच्या २७व्या वर्षी, जळगावजवळ भादलीला रेल्वे अपघातात गेले. हे आधी सांगितलं की काळ्या डोहाचा अर्थ मुलं लगेच मृत्यूच लावतात आणि मग दुसरं काही दिसत नाही, म्हणून हे शेवटी सांगावं, आणि सांगितल्यावर कविता पुन्हा एकदा वाचावी. केंब्रिजमधे आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकाने तर कवींची नावंच काढून टाकून विद्यार्थ्यांना कविता दिल्या आणि त्यांनी जे लिहिलं ते १९२९ मधे पुस्तकात मांडलं, त्यात भले भले विद्यार्थी साध्या अर्थालाच अडखळलेले दिसतात. अमेरिकेत लुईस रोझेनब्लाट या अभ्यासक बाईंनी १९३८ पासून मांडलं की कविता म्हणजे नुसता कागदावरचा मजकूर नाही, वाचणारा आणि मजकूर यांच्यात जे घडतं ती कविता. आजच्या चर्चा-पद्धतीमागे या दोघांचा हात आहे, जरी दोघांचा रोख वेगवेगळा असला तरी.

आता लेखन. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात परिणामकारक प्रकार म्हणजे गाळलेला शब्द. "झाकळुनी जळ ___ काळिमा पसरी लाटांवर", इथे दोन अक्षरी शब्द भरा म्हटलं की घोर, गूढ, दाट असे शब्द येतात, आणि मग मूळ शब्द 'गोड' आहे हे सांगितलं की वर्गात गोंधळ होतो. काळिमा आणि गोड? ज्याने स्वतः 'घोर' लिहिलंय त्यालाच त्या 'गोड'चं आश्चर्य वाटतं, नुसतं वाचून पुढे गेलेल्याला नाही. चर्चेसोबत लेखन का हवं ते इथे कळतं.

दुसरा प्रकार सांगाडा उसना घेण्याचा. "पावसावर कविता करा" असं सांगितलं की ढग, मोर, बळीराजा आणि छत्री यांच्यापलीकडे काही येत नाही, दोष मुलांचा नाही, विषय देणाऱ्याचा आहे. त्यापेक्षा बहिणाबाईंची "मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर" ही ओळ घ्यायची, आठ-आठ अक्षरं मोजायची, आणि मुलांनी आपल्या आजूबाजूला रोज दिसणारी गोष्ट ढोराच्या जागी बसवायची. डोंबिवलीच्या मुलाला पिकातलं ढोर दिसणार नाही, त्याला गच्च भरलेली लोकल दिसेल, आणि तेच हवंय. न्यूयॉर्कच्या पी. एस. ६१ या सरकारी शाळेत केनेथ कॉक या कवीने १९६८ पासून साधारण हेच केलं, विल्यम ब्लेक या इंग्रजी कवीची वाघावरची कविता देऊन मुलांना म्हणाला की तुम्हीही एखाद्या गूढ प्राण्याला प्रश्न विचारा. यमक मात्र तो सक्तीचं करत नसे, कारण यमकाच्या मागे लागलं की मूल मनातलं सोडून जुळेल ते लिहितं, आपल्याकडच्या स्वरचित कवितांच्या स्पर्धा ऐकलेल्या कोणालाही हे पटेल.

तरी आपल्याकडे नियमाचा एक फायदा आहे तो सोडू नये. मोठ्या अभंगाचा साचा ६-६-६-४ अक्षरांचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. "सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया", बोटांवर मोजून बघा. या साच्यात मुलं होमवर्क, मोबाईल, वर्गातला बंद पंखा काहीही घालतात, हसतात, आणि शेवटच्या चार अक्षरांत वाक्य संपवणं किती अवघड आहे ते त्यांना कळतं, मग तुकोबांची तीच ओळ परत वाचली की वेगळी ऐकू येते.

बोलीचा प्रश्न इथे येतोच. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी त्यांनी आपल्या खानदेशी लेवा बोलीत रचली, आणि ती पुस्तकात छापतो तर मग मुलाने घरच्या बोलीत लिहिलेल्या ओळीखाली लाल रेघ कशाला? निदान पहिल्या खर्ड्यात तरी शुद्धलेखन तपासू नये. घरून आजीकडून एक जात्यावरची ओवी आणा असं सांगितलं तर बोली आपोआप वर्गात येते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा करून घेतल्या, त्यातल्या कितीतरी आता इंटरनेटवर बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतात, म्हणजे ज्यांच्या घरी ओवी म्हणणारं कोणी उरलं नाही त्यांचीही सोय आहे. परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळांत भाषाच कच्ची असते म्हणून तिथे चर्चेपेक्षा ऐकणं आणि म्हणणं जास्त चालतं.

वेळेचं गणित मात्र खरंच अवघड आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, पन्नास-साठ मुलं, आणि पोर्शन संपवायचा. म्हणून सगळ्या कविता अशा शिकवता येत नाहीत, सहामाहीत एखाद-दोनच घ्याव्यात आणि बाकीच्या नेहमीसारख्या. आधी बाकावरच्या दोघांनी आपसात बोलायचं आणि मग वर्गात सांगायचं असं केलं की साठांचा वर्गही आवरतो. मार्क देऊच नयेत असं पुष्कळ शिक्षक म्हणतात, पण द्यायचेच झाले तर ते कविता चांगली झाली का यावर न देता पहिल्या खर्ड्यानंतर मुलाने काय आणि का बदललं यावर द्यावेत. लिहिलेलं कुठेतरी जायला हवं, त्यासाठी शाळेचा हस्तलिखित अंक आहेच, आणि खर्डा आणि शेवटचं रूप दोन्ही शेजारी-शेजारी चिकटवले तर पुढच्या वर्षीच्या मुलांना वाचायला ते जास्त उपयोगी पडतं.